एक ताट जास्तीचं

चोवीस डिसेंबरला क्राकूवमध्ये पावणेचारच्या सुमारासच सूर्य मावळतो. आकाशात पहिली चांदणी दिसली की पोलंडमधली घरं जेवायला बसतात. या संध्याकाळला तिथे ‘विगिलिया’ म्हणतात. पाच वाजता रस्त्यावर चिटपाखरू नसतं. दुकानांची शटरं केव्हाच खाली आलेली असतात. २०२५ पासून तर हा दिवस कायद्यानेच सुट्टीचा झाला आहे. पुढचे दोन दिवसही सणाचे, बाजार बंद. पाठीवर सॅक टाकून मोजक्या पैशांत देश बघायला निघालेल्या माणसाने हे आधीच समजून घ्यावं. पाव, चीज, अंडी, सफरचंदं तेवीस तारखेलाच घ्यावीत आणि हॉस्टेलच्या फ्रिजमध्ये नावाची चिठ्ठी लावून ठेवावीत. मी तसंच केलं होतं.

त्याआधीचे दिवस मात्र भरगच्च होते. मुख्य चौकातला नाताळचा बाजार डोळ्यांना सुखावतो, खिशाला नाही. तिथे पाटीवरचा भाव बऱ्याचदा शंभर ग्रॅमचा असतो आणि ताट वजनावर भरतात, हे लक्षात ठेवावं. मी पोट भरायला ‘बार म्लेचनी’मध्ये जायचे, म्हणजे दुधाच्या खानावळीत. १८९६ साली वॉर्सामध्ये अशी पहिली खानावळ निघाली. दूध, पीठ, अंडी, भाज्या यांचे साधे पदार्थ गरिबाला परवडावेत म्हणून सरकार आजही त्यांना अनुदान देतं. काउंटरवर पैसे भरायचे, खिडकीतून ताट घ्यायचं, खाऊन झालं की भांडी आपणच नेऊन ठेवायची. शेजारी पेन्शनीतले आजोबा, समोर कॉलेजची मुलं. बटाटा आणि ताज्या चीजचं सारण भरलेले, वर परतलेला कांदा घातलेले पिएरोगी आणि वाफाळतं बीटाचं सूप. बाहेर गोठवणारी थंडी असताना ते जेवण मला कुठल्याही मेजवानीहून गोड लागलं.

पण या शहराच्या नाताळात माझा जीव जडला तो शोप्कांवर. शोप्का म्हणजे येशूजन्माचा देखावा, पण क्राकूवचा देखावा गोठ्याचा नसतो. तो मनोऱ्यांचा, कमानींचा, घुमटांचा चमचमता महाल असतो. त्यात सेंट मेरी चर्चचे दोन उंच-ठेंगणे मनोरे असतात, वावेल टेकडीवरचा सोनेरी घुमट असतो, आणि या सगळ्याच्या मधोमध बाळ येशू. एकोणिसाव्या शतकात शहराच्या कडेला राहणारे गवंडी आणि कारागीर हे करू लागले. थंडीत बांधकाम थांबायचं, हाताला काम नसायचं. मग लाकूड, पुठ्ठा आणि रंगीत चमकता कागद जमवून ते आपणच उन्हाळ्यात बांधलेल्या, डागडुजी केलेल्या शहराची छोटी प्रतिकृती करायचे आणि ती घेऊन दारोदार गाणी म्हणत चार पैसे मिळवायचे. १९३७ पासून त्यांची स्पर्धा भरते. डिसेंबरच्या पहिल्या गुरुवारी कारागीर आपापले महाल उचलून आणतात आणि चौकात कवी मित्स्किएविच यांच्या पुतळ्याच्या पायऱ्यांवर मांडतात. २०१८ मध्ये युनेस्कोने या परंपरेला आपल्या यादीत घेतलं. स्पर्धेतल्या शोप्का संग्रहालयात तिकीट काढून बघता येतात, पण गावातल्या कितीतरी खिडक्यांमध्येही त्या मांडलेल्या असतात. मी संध्याकाळभर खिडकी ते खिडकी फिरायचे. रिकाम्या खिशाच्या माणसांनी घडवलेलं हे वैभव तसल्याच खिशाने बघताना माझ्या मनात त्यांच्याविषयी अपार आदर दाटून यायचा.

तरीही चोवीसची संध्याकाळ परक्या माणसाला जड जातेच. घराघरांत दिवे लागलेले आणि आपण बाहेर. पोलंडला हे दुःख जुनं ओळखीचं आहे. १८३० च्या नोव्हेंबरात वीस वर्षांचा पोलिश संगीतकार शोपॅं व्हिएन्नाला पोहोचला आणि काही दिवसांतच वॉर्सात रशियन सत्तेविरुद्ध उठाव झाला. सोबतचा मित्र लढायला परत गेला. नाताळच्या मध्यरात्री शोपॅं सेंट स्टीफनच्या अंधाऱ्या कॅथीड्रलमध्ये एकटाच उभा होता. दुसऱ्या एका मित्राला लिहिलेल्या पत्रात त्याने ते सांगितलं आहे. त्याच्या पहिल्या ‘स्केर्त्सो’ या पियानोवरच्या रचनेत, त्या खवळलेल्या सुरांच्या मधोमध, बाळ येशूसाठी गायल्या जाणाऱ्या जुन्या पोलिश अंगाईची चाल येते. मायदेशी तो पुन्हा कधीच परतला नाही.

आमच्या हॉस्टेलमध्ये त्या रात्री काउंटरवर साठीच्या एक बाई होत्या. घरी मुलगी, नातवंडं, पण ड्यूटी यांची. त्यांनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर मूठभर गवत पसरलं, वर पांढरा कपडा घातला आणि बरणीतून आणलेलं बीटाचं सूप गरम केलं. मग आम्हा सगळ्या भटक्यांना बोलावून ‘ओप्वातेक’ पुढे केला. गव्हाच्या पिठाची ही कागदासारखी पातळ पापडी, तिच्यावर येशूजन्माचं चित्र उठवलेलं. समोरच्याच्या पापडीतला तुकडा मोडून घ्यायचा, आपल्यातला त्याला द्यायचा आणि शुभ चिंतायचं. संक्रांतीला आपण तिळगूळ देतो-घेतो, तसंच. नंतर त्यांनी ताटं मांडली. एक जास्तीचं झालं. कोरियाच्या एका मुलाने विचारलं, “अजून कोण यायचंय?”

“जो येईल तो,” त्या म्हणाल्या.

पोलंडमधल्या घरोघरी विगिलियाला हे जास्तीचं ताट मांडतात, अवचित दाराशी येणाऱ्यासाठी. त्या रात्री अनोळखी पाहुणी मीच होते, पण मला आठवत होतं माझं कोल्हापूर, कारण अशीच अवचित आलेली पोलिश माणसं एकदा तिथे राहिली होती. १९४० पासून सोव्हिएत सत्तेने पूर्व पोलंडमधली लाखो माणसं घरातून उचलून सायबेरियात आणि कझाकस्तानात टाकली. त्यातून वाचलेली काही कुटुंबं इराणमार्गे हिंदुस्थानात आली. कोल्हापूरजवळ वळिवड्याला १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले, बहुतेक बायका आणि मुलं. त्यांच्या शाळा तिथे होत्या, चर्च होतं, स्काउट पथकं होती. त्यांचे नाताळही आमच्या मातीत झाले. युद्ध संपलं तेव्हा त्यांची गावं सोव्हिएत संघात गेलेली होती. परतायला घर उरलं नव्हतं. ते गेल्यावर फाळणीत देशोधडीला लागलेली सिंधी कुटुंबं त्याच वस्तीत राहायला आली. आज तिला गांधीनगर म्हणतात.

आपल्यातले पुष्कळजण तिथे लग्नाच्या कापडखरेदीला जातात. पुढच्या वेळी गेलात तर थोडा वेळ काढून कोल्हापुरातल्या महावीर उद्यानात या. त्या पोलिश कुटुंबांच्या आठवणीचा स्तंभ तिथे उभा आहे. मुलांना सोबत आणा आणि तो कोणासाठी आहे ते त्यांना सांगा.