घरातल्या माशांच्या वतीने

दादर, रविवार रात्र

चि. बाळास,


तुझा निरोप दोनदा वाचला. फोटो पाहून मलाही आनंद झाला. पावडर ब्लू टँगच्या निळ्या रंगाला तोड नाही. पण खालचा मजकूर वाचला आणि पोटात गोळा आला. "आणल्यावर तिसऱ्या दिवशी अंगावर मीठ भुरभुरल्यासारखे ठिपके दिसले, पण दोन दिवसांत आपोआप गेले." आणि लगेच पुढे विचारतोस की पुढच्या महिन्यात रॅस मासा आणायचा आहे, दुकानदार म्हणतो मी दहा दिवस ठेवून मग देतो, तर घरी वेगळी टाकी लावायची गरज आहे का?

रॅसचं नंतर बघू. आधी मला सांग, ठिपके गेले म्हणजे कुठे गेले?

ते तुझ्या वाळूत गेले. या ठिपक्यांना व्हाइट स्पॉट म्हणतात, आणि तो करणारा एकपेशीय जीव माशाच्या अंगावर नुसता बसत नाही, कातडीच्या आत शिरतो. तिथे तीन ते सात दिवस पोसला गेला की आपणहून बाहेर पडतो, तळाला जाऊन वाळूला, दगडाला, काचेला चिकटतो, स्वतःभोवती कवच करून घेतो आणि आतल्या आत विभागत जातो. एकाचे शे-दोनशे होतात. मग कवच फुटतं आणि ती पिल्लावळ मासा शोधायला निघते. हे सगळं बहुतेक काळोखात, उजाडण्याआधी घडतं. आज रात्री दिवे मालवल्यावर टॉर्च घेऊन टाकीपाशी जा आणि बघ आपली म्हातारी क्लाउन कुठे झोपली आहे. रोजच्याच कोपऱ्यात, वाळूपासून चार बोटांवर. समुद्रात या पिल्लांपैकी बहुतेकांना मासा भेटतच नाही आणि एक-दोन दिवसांत ती मरतात. तुझ्या टाकीत ती जिथे बाहेर पडतात तिथेच मासे निजलेले असतात.

म्हणून सांगते, ठिपके गेल्याचा आनंद मानू नकोस. ते परत येतील. तीन दिवसांत येतील, तीन आठवड्यांत येतील. पण या खेपेला एकट्या टँगवर येणार नाहीत.

क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स हे या जीवाचं नाव. ई. एम. ब्राउन यांनी ते १९५१ साली ठेवलं, म्हणजे आपलं तारापोरवाला मत्स्यालय उघडलं त्याच वर्षी. त्याच्या वीस वर्षं आधी, १९३१ मध्ये, व्हेल्वेट या दुसऱ्या रोगाच्या जंतूचं पहिलं वर्णनही ब्राउन यांनीच केलं होतं. समुद्री मासे पाळणाऱ्यांना सगळ्यात जास्त रडवणारे हे दोन रोग. दोन्हींची माहिती इतकी जुनी आहे, आणि तरीही आज माणसं म्हणतात की व्हाइट स्पॉट प्रत्येक टाकीत असतोच, मासा खूश ठेवला की झालं. ऐकू नकोस असलं काही! माशाशिवाय हा जीव जगू शकत नाही. तो हवेतून उगवत नाही आणि मिठाच्या पाकिटातूनही येत नाही. कुणीतरी तो आणावा लागतो. नव्या माशावर, नाहीतर त्याच्या पिशवीतल्या पाण्यातून, ओल्या जाळीवरून, दुसऱ्याच्या टाकीतल्या दगडावरून.

तू म्हणशील, मासा दुकानात चांगला खात होता, अंग स्वच्छ होतं. असेलही. सुरुवातीला पुष्कळदा हे जीव नुसत्या कल्ल्यांत असतात, तिथे तुझी नजर पोचत नाही. शिवाय पुष्कळ दुकानांत सगळ्या टाक्यांना एकच पाणी फिरतं आणि त्यात थोडं कॉपरचं औषध सोडलेलं असतं. थोडं, म्हणजे रोग दबेल इतकं. मरेल इतकं नव्हे. मासा तुझ्या घरी येतो, कॉपर सुटतं आणि दबलेलं वर येतं. अशा पाण्यात दहा दिवस ठेवणं म्हणजे त्या दहा दिवसांत दुकानात आलेल्या प्रत्येक माशाशी त्याची गाठ घालून देणं. दुकानदार वाईट आहे असं मी म्हणत नाही. त्याला जागा कमी आणि भाडं जास्त. पण तुझी वेगळी टाकी त्याच्या दुकानात लागू शकत नाही, ती तुझ्याच घरात लागायला हवी.

आणि डोळ्यांच्या भरवशाचं म्हणशील, तर तो मोठा एंजल मासा आठव. तेव्हा तू कॉलेजात होतास. अंग अगदी लख्ख होतं, फक्त एक डोळा जरा दुधाळ. आपण बादलीत गोडं पाणी घेतलं, टाकीच्या पाण्याइतकं कोमट केलं, सोडा घालून पीएच जुळवला, एअर पंपाचा दगड सोडला आणि त्याला पाच मिनिटं आत ठेवलं. आधी काहीच दिसेना. मग त्याच्या बाजूंवरून, डोळ्यावरून पांढऱ्या चपट्या टिकल्या सुटायला लागल्या आणि तरंगत तळाशी जमा झाल्या. फ्लूक नावाचे परजीवी किडे. अंगावर असतात तेव्हा काचेसारखे आरपार, गोडं पाणी लागलं की पांढरे पडतात. तूच त्या बशीत काढून भिंगाखाली धरल्यास आणि त्यांचे आकडे मला दाखवलेस. माझी ताई स्वयंपाकघरातून ओरडली होती की ती बशी पुन्हा माझ्या रॅकमध्ये ठेवू नका. ते सगळं बघितलेला मुलगा आज मला लिहितो, "मावशी, दिसायला एकदम क्लीन आहे."

रागावू नकोस. रागावले आहे ती मी.

माझं म्हणणं तुला पाठ आहे तरी पुन्हा सांगते. सगळे म्हणतात, वेगळी टाकी नव्या माशासाठी. मला ते कधीच पटलं नाही. वेगळी टाकी आधीपासून घरात असलेल्यांसाठी असते. नवा मासा आपण निवडून आणतो, पैसे मोजतो, त्याचे फोटो काढतो. जुन्यांना कुणी विचारत नाही की दार उघडू का. कोविडात तू सिंगापूरहून आलास तेव्हा चौदा दिवस मागच्या खोलीत बसलास. ताप नव्हता, खोकला नव्हता. ताई दाराबाहेर ताट ठेवायची. मी फोनवर म्हटलं, कंटाळला असशील रे, तर म्हणालास, "मावशी, आजी घरात आहे ना." तेव्हा मला तुझा फार अभिमान वाटला होता. इथे म्हातारी घरात आहे, बाळा. माझ्या गुडघ्यांना बादल्या झेपेनात म्हणून ती तुझ्याकडे आली. क्लाउन नीट सांभाळला तर वीस वर्षांच्या वर जगतो. तिचं अजून बरंच आयुष्य बाकी आहे.

आणि नव्याचंही काही देणं लागतोच की आपण. क्लाउनची पैदास आता होते. आपल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने मंडपम आणि विळिंजमला ती करून दाखवली आहे. पावडर ब्लू टँगचं तसं नाही. बाजारात येणारा बहुतेक हिंदी महासागरातल्या खडकांवरून पकडूनच आलेला असतो. पिशवीतलं पाणी घाण होऊ नये म्हणून त्याला निघण्याआधी उपाशी ठेवतात. प्रवासात त्याच्याच श्वासाने पिशवीत कार्बन डायऑक्साइड साठतो, पीएच उतरतो, त्यामुळे साठलेला अमोनिया तेवढा वेळ फारसं विष करत नाही. आपण पिशवी उघडली की हवा लागते, पीएच चढतो आणि तोच अमोनिया कल्ले भाजायला लागतो. म्हणून मी ओरडत असते की पिशवी उघडून तासभर थेंब थेंब पाणी सोडत बसू नका. वेगळ्या टाकीतली क्षारता आधीच पिशवीच्या बरोबरीची करून ठेवा आणि मासा लगेच पाण्यात जाऊ द्या. असा उपाशी, दमलेला जीव तू सरळ भरल्या टाकीत सोडलास, जिथे प्रत्येक कोपऱ्यावर कुणाचा ना कुणाचा हक्क आहे. त्याला महिनाभर एकट्याची खोली मिळाली असती तर तो निवांत खायला शिकला असता. आणि तो मेला तर तू दुसरा आणशील. तोही समुद्रातूनच येईल. या छंदातली माणसं किती मासे घेतले ते सांगतात, किती जगवले ते कुणी सांगत नाही, आणि मला याचं मनापासून दुःख होतं.

तू लसणाचा रस खाण्याला लावतोयस असंही लिहिलंयस. लाव. वासाने मासा चार घास जास्त खाईल. पण त्याने व्हाइट स्पॉट जात नाही. क्लीनर कोळंबी आणून सोडायचा विचार असेल तर तोही सोड. कातडीच्या आत बसलेलं ती काही उकरून काढत नाही.

आता काय करायचं ते लिहिते, नीट वाच.

सगळे मासे बाहेर काढायचे. एकटा टँग नव्हे, सगळे. माझ्या माळ्यावरची तीन फुटी टाकी उद्या आपल्या नेहमीच्या गाडीवाल्याबरोबर पाठवते आहे, क्लाउन तिच्यात. टँगला त्याहून मोठी हवी. शेजारच्या काकांनी छंद सोडला, त्यांची गॅलरीतली टाकी मागून घे. दोन्ही टाक्यांत वाळू नको, दगड नको. दगड कॉपर शोषतो आणि तुझे आकडे खोटे ठरतात. लपायला हार्डवेअरच्या दुकानातून पीव्हीसीचे एल्बो आण, वरून झाकण, हीटर आणि स्पंज फिल्टर. टाकीखालच्या सम्पमध्ये मी कायम एक जादा स्पंज ठेवायला लावला होता तो अजून आहे ना? तोच अर्धा अर्धा कापून वापर, म्हणजे अमोनिया पहिल्याच दिवशी चढणार नाही. तरी रोज मोज. चढला तर पाणी बदल. बाटलीतलं अमोनिया मारायचं औषध कॉपरच्या टाकीत घालू नकोस, त्यातल्या काहींमुळे कॉपरच जास्त विषारी होतं.

कॉपर कोणतं मिळतं ते बाटली वाचून मला कळव. साधं आयनिक असेल तर ०.१५ ते ०.२० पीपीएमच्या मध्ये ठेवायचं. चिलेटेडचा हिशेब वेगळा, तो बाटलीवर असतो. एकदम चढवायचं नाही, दोन-तीन दिवस घ्यायचे. मग पूर्ण महिना ते खाली उतरू द्यायचं नाही, कारण कॉपर पोहणाऱ्या पिल्लांनाच मारतं. कातडीतल्यांना आणि कवचातल्यांना त्याचा काही स्पर्श नाही. एक दिवस जरी कमी पडलं तरी हिशेब पहिल्यापासून. टेस्ट किटशिवाय बाटलीला हात लावू नकोस.

मोठी टाकी माशांविना ७६ दिवस राहील. कवचातून ७२ दिवसांनी पिल्लं निघाल्याची नोंद आहे, म्हणून एवढे दिवस. गोगलगायी, खेकडे तिथेच राहतील, त्यांना खायला घालत राहा. टाकी उदास दिसेल, पाहुणे विचारतील. विचारू देत.

टाक्या दिवाणखान्यात पंख्याखाली लावू नकोस. व्हेल्वेटचे जंतू बुडबुड्यांच्या तुषारांबरोबर उडतात. वारा असेल तर तीन मीटरपर्यंत गेल्याचं प्रयोगात दिसलं आहे. मागची खोली घे. जाळी वेगळी, बादली वेगळी, नळी वेगळी, आणि मोठ्या टाकीचं काम आधी, आजाऱ्यांचं नंतर.

रॅसबद्दल. या ७६ दिवसांत आणायचा नाही, हे पहिलं. नंतर आणशील तेव्हा त्याला कॉपर सोसेलच असं नाही, काही रॅस त्याने खाणं सोडतात. त्याला एका टाकीतून दुसऱ्या कोरड्या केलेल्या, स्वच्छ टाकीत हलवत न्यायचं, दर तिसऱ्या दिवशी, चार वेळा. एलातच्या कोलॉर्नी यांनी १९८७ च्या सुमारास ही वाट दाखवली. अंगावरून उतरलेलं मागच्या टाकीत राहतं आणि तिथे फुटायच्या आत मासा पुढे गेलेला असतो. व्हाइट स्पॉटला हे पुरतं, व्हेल्वेटला नाही, म्हणून त्यानंतरही काही आठवडे वेगळं ठेवून बघायचं.

हे सगळं लिहिलं खरं, पण मन सारखं टँगच्या श्वासाकडे जातंय. फोटोत तो पंपाच्या धारेत तोंड घालून उभा आहे. तुला ऐट वाटली असेल. मला नाही आवडलं ते. उद्या पहाटे दिवा लावण्याआधी त्याचे कल्ले मिनिटात किती वेळा उघडतात ते मोज, आणि म्हातारीचेही मोज. अंगावर बारीक सोनेरी पूड दिसते का ते टॉर्च तिरका धरून बघ. दिसली तर हे व्हाइट स्पॉट नाही, व्हेल्वेट आहे, आणि मग आपल्या हातात दिवस नाहीत, तास आहेत. गाडीची वाट न बघता मासे मिळेल त्या टबमध्ये हलव आणि मला उठव. कितीही वाजलेले असोत.

पावसात तुमच्याकडे लाइट जातात. बॅटरीचा एअर पंप चार्ज करून ठेव.

ताईला हे सगळं सांगू नकोस, ती उगीच उपास धरेल.

तुझी,
मावशी

ता. क. शेजारच्या काकांना टाकी आणायच्या आधी विचार की तिच्यात कधी कॉपर घातलं होतं का. घातलं असेल तर आत्ता उत्तम, पण नंतर तिच्यात कोळंबी किंवा गोगलगाय कधीच ठेवायची नाही. सिलिकॉनवर मार्करने लिहून ठेव.