जीटी १०३०: एक नाव, दोन पाठ

विशेषनाम शिकवताना आपण एक गोष्ट गृहीत धरतो. नद्या अनेक असतात, कोयना एकच. कारखान्यातून निघणाऱ्या वस्तूचे नाव मात्र दिसायला विशेषनाम आणि वागायला सामान्यनाम असते, कारण एकाच नावाचे हजारो नग दुकानांत मांडलेले असतात. तरीही त्या नावात एक अलिखित करार असतो: हे सारे नग एकमेकांसारखे असतील. ग्राहक पैसे मोजतो ते या करारावर विसंबून. हा करार किती विरळ होऊ शकतो, याचा विचार एका स्वस्त ग्राफिक्स कार्डामुळे मला करावा लागला.

२०१९ च्या दिवाळीच्या सुट्टीतली गोष्ट. माझी भाची ॲनिमेशनच्या दुसऱ्या वर्षाला होती. तिच्या वडिलांनी एका कार्यालयातून मोडीत निघालेला संगणक तिच्यासाठी आणला होता. त्यात बसेल, परवडेल आणि जुन्या वीजपुरवठ्यावर चालेल असे कार्ड तिला हवे होते. दोन दुकानांची दरपत्रके तिने माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाली, “मामा, तू पाठभेद शोधतोस ना? मग हे दोन कागद बघ. नाव एकच आहे, किंमत वेगळी का?” दोन्हींवर लिहिले होते: एनव्हिडिया जीफोर्स जीटी १०३०, २ जीबी. दरांत काही शे रुपयांचा फरक होता.

ती बोलून गेली ती थट्टा खरी होती. ‘ज्ञानेश्वरी’ म्हटले की जाणकार विचारतो, कोणती प्रत? एकनाथांनी १५८४ साली पाठशुद्धीचे काम हाती घेतले, कारण एकाच नावाखाली निरनिराळे पाठ फिरत होते. आम्ही दोघांनी मग याही नावाचे पाठ शोधले.

पहिला पाठ मे २०१७ चा. त्यात ३८४ गणनकेंद्रे, २ जीबी जीडीडीआर५ स्मृती, ६४ बिटांचा स्मृतिमार्ग आणि वेगमर्यादा १४६८ मेगाहर्ट्‌झ. विजेची गरज ३० वॉट, म्हणजे वेगळी वीजतार जोडण्याची आवश्यकता नाही. जुन्या संगणकाला हे मोठेच वरदान. दुसरा पाठ २०१८ मध्ये त्याच नावाने आला. केंद्रे तीच ३८४, स्मृती तेवढीच, मार्ग तोच. वेगमर्यादा १३७९, म्हणजे सुमारे सहा टक्क्यांनी कमी. विजेची गरज २० वॉट. आणि स्मृतीच्या प्रकारापुढे जीडीडीआर५ च्या जागी डीडीआर४.

वरवर पाहता हा एका अक्षराचा आणि एका अंकाचा बदल. पण सारा अर्थ तिथेच दडलेला होता. विहिरीची उपमा घेतली तर हे समजायला सोपे जाते. दोन्ही विहिरींत पाणी सारखेच, २ जीबी. मोटही एकाच मापाची, ६४ बिटांची. परंतु पहिल्या विहिरीवर मोटेच्या सेकंदाला ६०० कोटी खेपा होतात, दुसरीवर फक्त २१० कोटी. ६४ ला खेपांनी गुणून आठाने भागले की हिशेब मिळतो: पहिल्या कार्डात सेकंदाला ४८ जीबी, दुसऱ्यात १६.८ जीबी. म्हणजे जेमतेम एक तृतीयांशाहून थोडे अधिक. ३८४ वाफे दोन्हीकडे आहेत. दुसऱ्या शेतात ते बराच वेळ कोरडे राहून पाण्याची वाट पाहतात. २०१८ मध्ये परीक्षकांनी ही दोन कार्डे शेजारी शेजारी ठेवून तपासली, तेव्हा अनेक खेळांत दुसऱ्याचा वेग पहिल्याच्या निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली आला.

यात खोटे काय, असा प्रश्न कोणी विचारील. खोटे काहीच नव्हते. स्मृतीचा प्रकार खोक्यावर छापलेला होता. शिवाय डीडीआर४ चे कार्ड निरुपयोगीही नव्हे. लेखन करावे, चित्रपट पाहावा, दुसरा पडदा जोडावा, एवढ्यासाठी ते पुरेसे होते आणि त्याला वीजही कमी लागत होती. त्याला वेगळे नाव दिले असते तर कोणाची तक्रार नव्हती. दोष वस्तूत नव्हता, नामकरणात होता. आपल्या काव्यशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर तपशिलाच्या तक्त्यात अभिधा होती, आणि खोक्यावरच्या ठळक नावात पहिल्या कार्डाच्या लौकिकाची व्यंजना. ग्राहक व्यंजनेला भुलतो आणि बिल अभिधेचे येते.

ही रीत एकाच कंपनीची नाही. एएमडीच्या आरएक्स ५६० या कार्डात मुळात १०२४ गणनकेंद्रे होती. २०१७ मध्ये त्याच नावाने ८९६ केंद्रांचेही कार्ड विकले जाऊ लागले, आणि बोभाटा झाल्यावर कंपनीला खुलासा करावा लागला.

मला अस्वस्थ करते ते निराळेच. महागडे कार्ड घेणाऱ्याला एवढे बारकाईने वाचण्याची गरज फारशी पडत नाही. फसला तरी तो दुसरे घेऊ शकतो. स्वस्त कार्ड घेणारा बहुधा एकदाच घेतो, आणि तेही कुणाच्या तरी बोनसमधून वा शिष्यवृत्तीच्या हप्त्यातून. ज्याला चूक परवडत नाही, नेमका त्याच्याच वाट्याला हा श्लेष येतो. धान्याच्या दुकानापासून विम्याच्या कागदापर्यंत बारीक अक्षरांचे ओझे गरिबावरच अधिक असते. वाचन हा सांस्कृतिक अलंकार आहे असे मानणाऱ्या आम्हा अध्यापकांना याचा विसर पडतो.

भाचीने दोन्ही दुकानांत दूरध्वनी करून एकच प्रश्न विचारला: स्मृती कोणती? एकाने लगेच सांगितले, जीडीडीआर५. दुसरा म्हणाला, “दोन्ही दोन जीबीच आहेत, ताई.” स्वस्त दरपत्रक त्याचे होते.

पण ती तिथेच थांबली नाही. आणखी वाचल्यावर तिला कळले, की या दोन्ही पाठांत चलच्चित्राचे संकेतन करणारा स्वतंत्र विभागच नाही. चित्रफीत दाखवण्याचे काम कार्ड करील. तयार झालेली चित्रफीत संकुचित करून साठवण्याचे काम मात्र मुख्य प्रोसेसरवरच पडेल. तिच्या अभ्यासात ते काम रोजचे होते. तिने वडिलांना हिशेब समजावून सांगितला आणि कार्डाचा विचार सोडून त्या पैशांत संगणकाची मुख्य स्मृती ४ जीबीवरून ८ जीबी करून घेतली. कार्ड पुढच्या वर्षी पाहू, असे ठरले.

तिचे वडील मला म्हणाले, “एवढं वाचून शेवटी घेतलंच नाही की!” मला तो वाचनाचा पराभव वाटला नाही. चिकित्सक आवृत्ती सिद्ध करणारा अभ्यासकही पुष्कळदा शेवटी एवढेच सांगू शकतो, की हाती असलेल्या प्रतींपैकी एकही आपल्या कामाची नाही. ते सांगण्यासाठीही प्रती वाचाव्याच लागतात.