चार बिटांचा पत्ता

जनुकांवर भाषण दिलं की प्रश्नोत्तरांत एक प्रश्न हमखास येतो : "माणूस म्हणजे किती जीबी?" उत्तर सोपं आहे. आपल्या जनुकसंचाची एक प्रत सुमारे ३१० कोटी अक्षरांची. प्रत्येक अक्षर चारांपैकी एक, म्हणजे दोन बिट. आठ बिटांची एक बाइट धरली की हिशोब पाऊण जीबीच्या आसपास येतो. लोकांचा चेहरा पडतो. मग मी सांगतो, कांद्याचा जनुकसंच आपल्या पाचपट आहे. हशा पिकतो, आणि ही मोजणी फारशी कामाची नाही हे वेगळं सांगावं लागत नाही.

हा मोह जुनाच. क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्ये बेल प्रयोगशाळेत माहितीचं गणित मांडलं ते तारा आणि टेलिफोनसाठी. त्यांची एमआयटीतली १९४०ची पीएचडी मात्र आनुवंशिकीच्या बीजगणितावर होती, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. पुढच्या दशकात जीवशास्त्रज्ञांनी उत्साहाने सजीवांचे बिट मोजायला घेतले. इतर शास्त्रांतही तीच लाट आली, तेव्हा १९५६ मध्ये खुद्द शॅनन यांनीच एक छोटं टिपण लिहून सगळ्यांना सबुरीचा सल्ला दिला. माझ्या मते तो योग्यच होता. कारण माहिती कशाविषयीची, हे ठरल्याशिवाय तिचं माप घेता येत नाही.

समजा, मुंबईहून पुण्याला निघालेल्या रात्रीच्या गाडीत तुम्हाला जाग आली. बाहेर अंधार. वड्याचा वास आला तर कर्जत, बोगदे लागले तर घाट, चिक्कीवाल्याची हाक ऐकू आली तर लोणावळा. एखाद्या खुणेने शक्यता निम्म्यावर आल्या, की तुम्हाला एक बिट माहिती मिळाली. पण चिक्कीवाला कर्जतलाही गाडीत चढत असेल, तर त्याच्या हाकेची किंमत उतरते. खूण किती बोलकी आणि किती फसवी, या दोन्हींचा हिशोब शॅनन यांचं सूत्र एका आकड्यात करतं.

आपण कुठे आहोत, नेमका हाच प्रश्न चिलटाच्या अंड्यातल्या प्रत्येक केंद्रकापुढे असतो. चिलट म्हणजे पिकल्या केळ्यांवर घोंगावणारी ड्रॉसोफिला. (आंबा नासवणारी फळमाशी वेगळी, त्यामुळे बागायतदारांनी माझ्यावर रागावू नये.) अंडं जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचं. फलनानंतर केंद्रकं भराभर विभागतात, पण त्यांच्यामध्ये भिंती नसतात. १३ विभाजनांनंतर सुमारे ६,००० केंद्रकं एकाच सामाईक द्रवात पृष्ठभागालगत रांगा धरून उभी असतात. साधारण तीन तासांनी भिंती बांधून होतात. तोवर आपण डोक्याकडचे की शेपटीकडचे, हे प्रत्येकाला कळायला हवं. डीएनए तर सगळ्यांचा एकच.

खूण आई ठेवते. अंड्याच्या डोक्याकडच्या टोकाला ती बायकॉइड जनुकाचा आरएनए ठेवते. त्यातून बनणारं प्रथिन तिथे दाट असतं आणि शेपटीकडे विरळ होत जातं. हे वोल्फगांग ड्रिव्हर आणि क्रिस्टियान न्यूसलाइन-फोलहार्ड यांनी १९८८ मध्ये दाखवलं. दर १०० मायक्रॉनला हे प्रमाण सुमारे एकतृतीयांशावर येतं. शेजारशेजारच्या केंद्रकांत अंतर आठेक मायक्रॉनचं, म्हणजे त्यांच्या वाट्याला येणाऱ्या बायकॉइडमध्ये फरक दहा टक्क्यांच्याही आतला. अंड्याच्या मध्यावर एका केंद्रकात या प्रथिनाचे रेणू असतात सातशेच्या घरात, आणि तेही सैरावैरा फिरणारे. प्रिन्स्टनच्या थॉमस ग्रेगोर, डेव्हिड टँक, एरिक वीशाउस आणि विल्यम बियालेक यांनी २००७ मध्ये हिशोब मांडला : एकट्या केंद्रकाला हा फरक खात्रीने ओळखायचा तर जवळजवळ दोन तास रेणू मोजत बसावं लागेल. हाताशी असतात काही मिनिटं. तरीही बायकॉइड वाचून चालू होणारं हंचबॅक हे जनुक दहा टक्क्यांची अचूकता गाठतं. म्हणजे केंद्रकं एकटी मोजत नसावीत. शेजाऱ्यांच्या मोजण्यांची सरासरी कुठेतरी निघत असणार.

मला सर्वांत आवडतो तो २०१३चा निकाल. याच मंडळींपैकी काहींनी सहकाऱ्यांसह हंचबॅक, क्रुपेल, जायंट आणि क्निर्प्स या चार जनुकांची प्रथिनं एकाच भ्रूणात वेगवेगळ्या रंगांत चमकवली आणि त्यांचे बिट मोजले. एकेका जनुकाकडे जागेविषयी जवळजवळ दोन बिट माहिती निघाली. इथे थांबायला हवं. जनुक हे नुसतं चालू-बंद होणारं बटण असेल, तर त्याच्याकडे एका बिटापेक्षा जास्त असूच शकत नाही. दोन बिट याचा अर्थ मधल्या पातळ्याही वाचण्याजोग्या आहेत. किंचित, अर्धं, बरंचसं, हे सगळं अर्थपूर्ण आहे. चौघांची मिळून बेरीज आठ होत नाही, चाराच्या किंचित वर जाते, कारण त्यांच्या खुणा एकमेकींत मिसळलेल्या असतात. पण तेवढ्यावर केंद्रकाला आपली जागा अंड्याच्या लांबीच्या एक टक्का चुकीने कळू शकते. एक टक्का म्हणजे जेमतेम शेजारच्या केंद्रकापर्यंतचं अंतर.

यावर रास्त आक्षेप असा, की बिट आपण मोजले, भ्रूण ते वापरतो कशावरून? याला २०१९ मध्ये उत्तर मिळालं. निरोगी भ्रूणांवरून एक कोश तयार केला गेला : चौघांच्या पातळ्या अमुक असतील, तर जागा तमुक. मग आईने ठेवलेल्या खुणा उत्परिवर्तनाने पुसलेले भ्रूण घेतले आणि त्यांच्या पातळ्या त्याच कोशाने वाचल्या. निरोगी भ्रूणात सात पट्टे उमटवणारं ईव्हन-स्किप्ड जनुक या बिघडलेल्या भ्रूणांत कुठे पट्टे उमटवेल, याचं भाकीत केलं. आकड्यांत काहीही फिरवाफिरवी न करता पट्टे बहुतांशी तिथेच सापडले. तोवर मी या गणिताकडे हुशारीचा खेळ म्हणून बघत होतो.

बिट कशाने पंख होतो आणि कशाने पोट, हे सांगत नाहीत. ते काम अजूनही प्रयोगशाळेतच करावं लागतं. शिवाय एका चिलटावरून सगळी सृष्टी ठरत नाही. सस्तन प्राण्यांच्या भ्रूणात पेशींना भिंती पहिल्यापासून असतात, आणि आईने ठेवलेली अशी उतरती खूण नसते. दाहाचा संदेश देणाऱ्या टीएनएफ या प्रथिनाबाबत उंदराच्या पेशींवर २०११ मध्ये मोजणी झाली, तेव्हा एकट्या पेशीला जेमतेम एक बिट मिळतो असं दिसलं. तिथे बटणाचं चित्र फारसं चुकत नाही. कुठे चुकतं आणि कुठे नाही, हे मोजूनच ठरतं.

या मोजणीला लागणारं मूळ गणित म्हणजे संभाव्यता आणि लॉगॅरिदम. ते अकरावी-बारावीच्या पुस्तकांत आहे. जीवशास्त्राची आवड म्हणून अकरावीलाच गणित सोडून देणाऱ्या मुलामुलींना, आणि त्यांना तसा सल्ला देणाऱ्या पालकांना, माझी एवढीच विनंती : दोन्ही विषय घ्या.