न उगवलेले दात

दुधाचा दात पडला की तो शेणाच्या गोळ्यात घालून छपरावर फेकायचा, ही आमच्याकडची रीत. माझे खालचे पुढचे चारही दात असेच छपरावर गेले. वर्गातल्या मुलींना नवे दात आले, माझी हिरडी मात्र कोरीच राहिली. आजी म्हणायची, "येत्यात काहींना उशिरा. तुझ्या आत्यालाबी उशिराच आलं हुतं." खरं तर आत्याला ते आलेच नव्हते. लग्नाआधी तिला कवळी बसवली होती आणि घरात तो विषय कुणी काढत नसे.

केम हे करमाळा तालुक्यातलं कुंकवाचं गाव. सुट्टीत मी आईबरोबर कारखान्यात पुड्या भरायला जायची. बायकांच्या गप्पांत हसू आलं की सवयीने हात तोंडावर जायचा आणि ओठांवर, नाकाच्या शेंड्यावर लाल बोटं उमटायची. पुढे पुढे मी हसणंच कमी केलं. शाळेत प्रकट वाचनाला उभी राहिले की 'स' आणि 'थ' नीट निघत नसत. पुढच्या दातांनी तोडायचं काहीच जमत नसे, म्हणून कडक भाकरी आमटीत कुस्करून खायची आणि पेरू आईने फोडी करून द्यायचा.

आईला याचा वेगळाच जाच होता. "पोटुशी असताना गिराण पाळलं नसंल," असं तिला येता-जाता ऐकवलं जायचं. तिनेही ते मनाला लावून घेतलं होतं. कुर्डुवाडीला एका दंतवैद्यांनी माझा ओपीजी, म्हणजे सबंध जबड्याचा एक्स-रे काढला आणि तो उजेडासमोर धरून आईला दाखवला. खालच्या पुढच्या चार दातांच्या आणि वरच्या दोन सुळ्यांशेजारच्या दातांच्या जागी हाडात काहीच नव्हतं. दात अडकलेले नव्हते, तयारच झाले नव्हते. "हे आनुवंशिक असतं. ग्रहणाचा काही संबंध नाही. तुमचं काही चुकलेलं नाही," डॉक्टर म्हणाले. आई बाहेर येऊन बाकावर बसली आणि बराच वेळ रडली. माझ्या दातांवरचा पहिला उपचार त्या दिवशी तिच्यावर झाला, असं मला वाटतं.

अक्कलदाढा सोडून एखाददुसरा दात जन्मतःच नसणं दुर्मीळ नाही, शंभरात पाच-सहा जणांना ते असतं. सहा किंवा जास्त दात नसणारे मात्र हजारात एक-दोघेच. दात घडवणाऱ्या जनुकांतला बदल घराण्यात उतरत जातो. डार्विननेही दीडशे वर्षांपूर्वी सिंधमधल्या एका कुटुंबाची नोंद केली आहे. त्यातल्या चार पिढ्यांतल्या दहा पुरुषांना मोजकेच दात होते. त्यांचा विकार माझ्याहून मोठा, केस आणि घाम यांवरही परिणाम करणारा होता. तरी ते वाचल्यावर आपण एकट्या नाही, हे मला पहिल्यांदा कळलं.

इम्प्लांट, म्हणजे हाडात बसवलेला स्क्रू आणि त्यावरचा दात, अठरा वर्षं पुरी होईपर्यंत बसवत नाहीत. जबडा वाढत असताना बाकीचे दात हाडाबरोबर वर सरकतात, स्क्रू मात्र जागच्या जागी राहतो आणि त्यावरचा दात आखूड दिसू लागतो. तोवर मी काढ-घालीची कवळी वापरली. पुढे खासगी दवाखान्यात चौकशी केली तेव्हा एका दातामागे 25-30 हजार रुपये सांगितले. वडिलांची शेती कोरडवाहू, आईची रोजंदारी. आमच्याकडे पिवळं रेशनकार्ड होतं, उत्पन्नाचा दाखलाही काढला होता. सरकारी आरोग्य योजनेतून उपचार मिळेल म्हणून ती कागदं घेऊन गेलो, तर एका ठिकाणी खिडकीतून उत्तर मिळालं, "हा सौंदर्याचा उपचार आहे. योजनेत बसत नाही."

ते 'सौंदर्याचा' मला फार लागलं, आजही लागतं. स्वीडनमध्ये 1965 साली पेर-इंगवार ब्रॉनेमार्क यांनी ज्या पहिल्या माणसाच्या जबड्यात टायटॅनियमचे स्क्रू बसवले, त्या यस्टा लार्सन यांच्या जबड्यात जन्मजात व्यंग होतं आणि दातही नव्हते. लार्सन 2006 मध्ये वारले, तोवर ते स्क्रू काम देत होते. म्हणजे या उपचाराचा पहिला रुग्णच माझ्यासारखा होता. त्याला सुंदर दिसायचं नव्हतं, चावायचं होतं आणि बोलायचं होतं.

सोलापूर जिल्ह्यात सरकारी दंत महाविद्यालय नाही. म्हणून कुर्डुवाडीहून रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस धरून आम्ही मुंबईला गेलो. सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारातलं शासकीय दंत महाविद्यालय सीएसएमटी स्टेशनला लागूनच आहे, त्यामुळे गाडीतून उतरून चालतच जाता येतं. तिथे पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या एका डॉक्टर ताईंनी माझी केस घेतली. त्यांनी आधी विचारलं, "मिश्री लावता का? तंबाखूने हाड स्क्रूला नीट धरत नाही." मी नाही म्हटल्यावर त्यांनी कागदावर जबडा काढून समजावलं: खाली दोनच स्क्रू आणि त्यांवर चार दातांचा पूल, वर दोन बाजूंना एकेक. दात उगवला नाही तिथलं हाड भरतच नाही, म्हणून खाली आधी हाडाची भर घालावी लागली आणि ती मुरण्यासाठी काही महिने थांबावं लागलं.

तपासणी, एक्स-रे, शस्त्रक्रिया हे सगळं सरकारी दरात झालं. स्क्रू आणि वरचे सुटे भाग मात्र रुग्णाने आणायचे होते. समाजसेवा अधीक्षकांनी अर्ज लिहून दिले, त्यावर एका धर्मादाय न्यासाने बराचसा भार उचलला. उरलेले पैसे आईच्या बचत गटातून कर्जाने आले.

शस्त्रक्रियेच्या दिवशी भूल फक्त हिरडीला दिली होती, त्यामुळे सगळं ऐकू येत होतं. हाडाला भोक पाडताना सलाईनचं गार पाणी सतत सोडतात, कारण हाड तापलं तर त्यातल्या पेशी मरतात आणि मग ते स्क्रूला धरत नाही. शेवटी स्क्रू एका छोट्या पान्याने आवळतात. ताईंनी पिळाचा आकडा मोठ्याने सांगितला, "पस्तीस." मागे उभ्या असलेल्या मॅडम म्हणाल्या, "छान. हाड चांगलं आहे." ज्या जागी कधी काही उगवलंच नव्हतं, त्या जागेचं ते पहिलं कौतुक होतं. मग काही महिने हाड टायटॅनियमला घट्ट धरेपर्यंत वाट पाहिली, मापं घेतली आणि दात बसले. निघताना ताईंनी बजावलं, "ऊस दातांनी सोलायचा नाही." आमच्या भागात हे पाळणं सोपं नाही, पण मी पाळते. आता मी हात तोंडावर न नेता बोलते, आणि भाकरी कुस्करत नाही.

माझं काम झालं, ते एका शिकणाऱ्या डॉक्टरच्या कळकळीने आणि एका न्यासाच्या दानाने. कळकळ आणि दान नशिबाने मिळतं. सरकारी योजनेत विकाराचं नाव असलं, तर उपचार हक्काने मिळतो. 2012 साली महाराष्ट्रात गरिबांसाठी आरोग्य योजना सुरू झाली, तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत आमचा सोलापूर होता. पुढे तिला महात्मा फुल्यांचं नाव मिळालं आणि तिच्यातून हजारोंची हृदयं, मूत्रपिंडं बरी झाली. 2013 मध्ये पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात दुभंगलेले ओठ आणि टाळू जन्मजात व्यंगांत आहेत, किडलेले दातही तपासायच्या यादीत आहेत. जन्मतः नसलेल्या दातांना मात्र नावच नाही. जर्मनीतला सार्वजनिक आरोग्यविमा एरवी इम्प्लांटचे पैसे देत नाही, पण जन्मतः बरेच दात नसलेल्यांसाठी अपवाद करतो. ब्रिटनच्या सरकारी सेवेतही अशा रुग्णांना अग्रक्रम आहे.

आपल्याकडे डॉक्टर आहेत, खुर्च्या आहेत, विद्या आहे. राहतो तो स्क्रूचा आणि दाताचा खर्च, तोही हजारात एक-दोघांचा. शाळेच्या तपासणीत दात मोजा. आठ-नऊ वर्षांच्या मुलीचे पुढचे दात आले नसतील, तर 'येतील' म्हणून न थांबता एक ओपीजी काढा. सहा किंवा जास्त दात जन्मतः नाहीत असं त्यात दिसलं, तर तिचं नाव योजनेत घाला, म्हणजे अठराव्या वर्षी तिच्या आईला कर्ज काढावं लागणार नाही.