गरम प्लग

आमच्या घरी दसऱ्याला पूजावे असे शस्त्र नाही. विळा, कोयता, माझे पेन आणि बाबांची चेतक स्कूटर, एवढ्यांवर कुंकू पडते. झेंडूची माळ मात्र स्कूटरलाच. माळ घालण्यापूर्वी तिचा प्लग काढून पुसायचा, असा बाबांचा रिवाज आहे. सौभाग्यवतीला हा रिवाज पसंत नाही, कारण पुसायला नेमका तिचा चांगला फडका लागतो.

गेल्या वर्षीच्या दसऱ्याला मी प्लग काढला तो तेलाने निथळत होता. काळा, ओला, चकचकीत. बाबांनी मला लहानपणी शिकवलेले पाठ आहे : प्लगचे टोक चहात बुडवलेल्या बिस्किटासारखे तपकिरी निघाले, तर इंजिन खुशाल आहे. कोरडी काजळी असली तर पेट्रोल जास्त होते आहे. पांढरे फटक पडले असले तर इंजिन तापते आहे. आणि ओले काळे असले तर कुठून तरी तेल आत शिरते आहे. पाठ मला येत होता. पण पाठ येणे आणि वेळेवर आठवणे यांतले अंतर मास्तराइतके कोणाला ठाऊक असणार?

ही स्कूटर १९९३ सालची. तेव्हा आमचे वाशीम अकोला जिल्ह्यात होते. १ जुलै १९९८ रोजी वाशीम जिल्हा झाला, नव्या गाड्यांना ३७ आकडा मिळाला. आमच्या पाटीवर अजून ३० च आहे. मीटरची तार कधीच तुटली. म्हणून मी हिशेब मांडला : गाव ते शाळा जाऊन येऊन अठ्ठावीस किलोमीटर, वर्षाचे दोनशे वीस दिवस, आधी बाबांची नोकरी आणि मग माझी मिळून तीस वर्षे. उत्तर आले एक लाख चौऱ्याऐंशी हजार आठशे. लग्नकार्ये, बाजार आणि दवाखाने यात धरलेले नाहीत.

मुलगा म्हणतो, “बाबा, नवी चेतक घ्या. तिला प्लगच नसतो.” खरे आहे. २०२० साली चेतक नावाची विजेवरची गाडी आली, तिला प्लग नाही आणि धूरही नाही. पण आजोबांच्या गाडीविषयी आजोबांसमोर असे बोलू नये, एवढे त्याला कळते. आजोबांना हल्ली ऐकू येत नाही, हे तर त्याहून चांगले कळते.

असो. नवा प्लग घ्यायला मी वाशीमला पाटणी चौकाकडे गेलो. प्लग म्हणजे एवढीशी वस्तू, पण दोन-स्ट्रोकच्या इंजिनाने मिनिटाला तीन हजार फेरे घेतले तर तिला तीन हजार ठिणग्या पाडाव्या लागतात. बाबांच्या जुन्या वहीत नोंद होती : ‘मायको, डब्ल्यू १७५’. दुकानातल्या पोऱ्याने मायको हे नावच ऐकले नव्हते. बंगलोरच्या त्या कंपनीचे २००८ साली बॉश असे नामांतर झाले, तेव्हा तो बहुधा पाळण्यात असेल. त्याने तीन डब्या मांडल्या. पहिल्या डबीत साधा प्लग. दुसरीत इरिडियमचा, किमतीने कितीतरी पट. त्याचे टोक सुईसारखे बारीक आणि धातू फार कठीण, म्हणून धडधाकट इंजिनात तो वर्षानुवर्षे टिकतो. पण तेल पिणाऱ्या इंजिनात तोही साध्यासारखाच माखतो. भिजायचेच असेल तर स्वस्ताने भिजावे, म्हणून ती डबी मी परत सरकवली.

तिसऱ्या डबीतला प्लग होता ‘गरम’. वाचकांना यात गंमत वाटेल म्हणून सांगतो. प्लगच्या आत चिनी मातीचे पांढरे नाक असते. ते लांब असले की उष्णता बाहेर निघायला वेळ लागतो, टोक तापलेले राहते आणि अंगावरचे तेल, काजळी जाळून टाकते. तो गरम प्लग. आखूड नाकाचा तो थंड. टोक साधारण साडेचारशे अंशांच्या खाली राहिले तर काजळी धरते. साडेआठशेच्या वर गेले तर निखाऱ्यासारखे होते आणि ठिणगीची वाट न पाहता पेट्रोल पेटवते. आपल्या इंजिनाला या दोहोंच्या मधला प्लग शोधायचा, एवढीच विद्या. पण आकड्यांचा घोळ असा की एनजीकेचा आकडा जितका मोठा तितका प्लग थंड, आणि बॉशचा जितका मोठा तितका गरम. बॉशच्याच जुन्या तीन आकडी पद्धतीत हे नेमके उलटे होते. म्हणजे वहीतला १७५ हा आजचा साधारण ७. मी ७ सोडून ९ घेतला. तेल येते तर येऊ दे, प्लग ते जाळील.

आणि त्याने जाळले! दिवाळीभर स्कूटर पहिल्या लाथेला सुरू. तिरकी करायला नको, ढकलायला नको. शाळेत मी दोन सहकाऱ्यांना प्लग या विषयावर व्याख्यान दिले.

फेब्रुवारीत बाबांच्या डोळ्यांची तपासणी होती. वाशीमहून परत येताना ऊन चढलेले, समोरून वारा आणि मागे बाबा. इंजिनातून खडे हलवल्यासारखा आवाज येऊ लागला. मी आणखी कान पिळला. चढावर गाडीने एकदम दम सोडला आणि मागचे चाक धरले गेले. आम्ही पडलो नाही ते वेग नव्हता म्हणून. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस बाभळीच्या सावलीत तासभर बसला, तेव्हा एक टेंपो मिळाला.

मिस्त्रींनी हेड उघडले. पिस्टनचा माथा एका बाजूने वितळून खाल्ल्यासारखा झाला होता. ते म्हणाले, “गुरुजी, प्लग तं लई गरम टाकला तुमी. अन् इंजन त्येल कायचं पिऊन राह्यलं, थे पाह्यलं नाई?”

मी म्हटले, “रिंगा गेल्या असतील.”

स्टुलावर बसलेले बाबा मिस्त्रींच्या ओठांकडे पाहत होते. ते म्हणाले, “गिअरचं तेल काढून मोजा.”

मोजले. हवे त्याच्या निम्मेच निघाले. क्लचकडचे ऑइल सील फाटले होते आणि गिअरबॉक्समधले तेल तिथून इंजिनात ओढले जात होते. या जातीच्या स्कूटरचे हे जुनेच दुखणे. सील किमतीने किरकोळ; पण ते बदलायला सबंध इंजिन फोडावे लागते.

“पोळ्यापासून सांगतोय तुला,” बाबा शांतपणे म्हणाले, “तेल कमी झालंय, बघ म्हणून.”

सांगितले होते. मला ते आठवलेही. एकदा नव्हे, तीनदा. आणि मी बाजारातून त्यांच्या गुडघ्यांसाठी तिळाच्या तेलाची बाटली आणून कोनाड्यात ठेवली होती. त्यांनी बाटलीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि ती मुकाट्याने गुडघ्याला लावायला घेतली. ऐकू न येणाऱ्या माणसाशी घरातले सगळे मोठ्याने बोलतात, मीही बोलतो. त्यांचे बोलणे मात्र आम्ही कधी सोडून दिले, ते मला सांगता येणार नाही.

सील, पिस्टन, बोअर, मजुरी. दोन हप्त्यांत पैसे फेडले. प्लग वहीतल्या आकड्याशी जुळणारा, साधाच घेतला.

यंदाच्या दसऱ्याला तो काढला आणि पाटावर बसलेल्या बाबांच्या हातात दिला. त्यांना आता रंग नीट दिसत नाही. त्यांनी अंगठ्याने टोक चोळले, नाकाजवळ नेले, मग नख दोन टोकांच्या मधल्या फटीत घालून पाहिले.

“कोरडा आहे,” ते म्हणाले. “फट जरा जास्त वाटते. हॅक्सॉचं पातं आण.”

हे पाते साधारण सहा दशांश मिलिमीटर जाड असते, आणि फटही तेवढीच लागते. मी पाते आणायला उठलो. मागून मुलगा त्यांच्याजवळ येऊन बसला आणि म्हणाला, “आजोबा, मला दाखवा.” नेहमीपेक्षा हळू म्हणाला. त्यांनी प्लग त्याच्या तळहातावर ठेवला.