जर्मलची नाव

लातुरात पाण्याची रेल्वे आली त्याच महिन्यात माझ्या दारात नाव आली. मिरजेहून निघालेली पहिली गाडी १२ एप्रिल २०१६ ला पोचली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी. शहरात टाक्यांभोवती जमावबंदी लागलेली, माणसं घागरींसाठी रात्री जागत होती आणि आमच्याकडे टेम्पोतून बारा फुटांची नाव उतरत होती. गल्ली हसली. पण नाववाल्याचं गणित पक्कं होतं. धनेगावला मांजरा धरणाच्या तळाला भेगा पडलेल्या. पाणी असतं तेव्हा नावेवर घर चालतं, एक दिवस खाडा परवडत नाही. दुरुस्ती करायची ती दुष्काळातच.

नाव जर्मलची, म्हणजे अॅल्युमिनियमची. त्या धातूला आमच्याकडच्या बाया अजून जर्मलच म्हणतात. नाववाल्या मामांनी ती नांदेडहून जुनी घेतलेली, विष्णुपुरीच्या पाण्यावर वापरलेली. “मिस्त्री, एका हातानं जाळं वढायचं, दुसऱ्यानं डब्यानं पाणी उपसायचं. मासं धरू का पाणी काढू?”

मी नावेची कामं करणारा नव्हे. आमचं घराणं काहिलीचं. गुऱ्हाळावरची काहील म्हणजे लोखंडी पत्रे रिबिटांनी जोडून केलेली भली मोठी परात. तीतून रस ठिबकला तर चुलवाणात करपतो आणि गुऱ्हाळवाला आधी लोहाराच्या नावानं ओरडतो. ओढ्याला पूर आला की हीच काहील लोक पाण्यात सोडून पलीकडे जात. म्हणजे नाव आणि काहील यांचं नातं तसं जुनं. एकीनं पाणी आत धरायचं, दुसरीनं बाहेर ठेवायचं, एवढाच फरक.

पण धातू वेगळा, आणि तिथंच माझा पहिला दिवस वाया गेला. लोखंडाचं रिबिट लालबुंद तापवून भोकात घालतात नि वरून ठोकतात. थंड होताना ते आखडतं आणि दोन्ही पत्रे एकमेकांवर आवळून धरतं. निम्मं काम गारठाच करतो. जर्मल तापल्यावर रंग बदलत नाही. ६६० अंशांना वितळतं, पण लाल होऊन सांगत नाही. बघता बघता हातातलं काम बसतं. म्हणून याचं रिबिट थंडच मारायचं, आणि आखडून आवळायला कुणी नसल्यामुळे सांध्यात चिकट मसाला भरायचा. आयटीआयमधला माझा एक सोबती ओझरच्या विमान कारखान्यात लागला होता. तो सांगायचा, विमानाची काही रिबिटं मारायच्या घटकेपर्यंत बर्फाळ गारठ्यात ठेवतात, नाहीतर ती आपोआप कडक होतात. तेव्हा मला ती थाप वाटली होती. थाप नव्हती.

आता गळकं रिबिट शोधायचं कसं? सरळ रीत अशी की नाव घोडीवर ठेवायची, आत पाणी भरायचं आणि खालून जिथं थेंब लोंबेल तिथं खडूनं खूण करायची. त्या एप्रिलमध्ये लातुरात नावेत पाणी भरलं असतं तर लोकांनी मला नावेसकट उचलून नेलं असतं. मग वडिलांची युक्ती काढली. बाहेरून चुन्याचा पातळ हात द्यायचा, वाळू द्यायचा आणि आतून सांध्यांवर रॉकेल फिरवायचं. रॉकेल पाण्यापेक्षा चिवट. केसाएवढ्या फटीतून निघतं आणि पांढऱ्या चुन्यावर ओला डाग उमटतो. एकोणीस डाग उमटले.

त्यातले सहा आधीच्या कुण्या कारागिराचे. त्यानं पोलादी रिबिटं मारली होती. ओलाव्यात दोन धातू एकमेकांना टेकले की दुबळा झिजतो, आणि इथं दुबळं जर्मल. रिबिट शाबूत, भोवतीच्या पत्र्याची पांढरी भुकटी. चार ठिकाणी पॉप रिबिटं होती; ती पोकळ, मधल्या भोकातूनच पाणी येतं. बंद तोंडाची मिळतात, पण ती जिथं मागून हात पोचत नाही तिथंच घालावीत असं माझं मत.

जुनं रिबिट काढताना डोक्याच्या नेमक्या मध्यावर छिद्र पाडायचं, डोकं उडवायचं आणि दांडा सुंभ्यानं हळू ठोकून काढायचा. घाई केली की भोक लंबगोल होतं. आधीच लंबगोल झालं असेल तर ते मोठं करून गोल करायचं. पाचचं निघालं तिथं सहा मिलिमीटरचं बसवलं. पत्र्याबाहेर दांडा स्वतःच्या जाडीच्या दीडपट उरावा, म्हणजे सहाला नऊ. कमी उरला तर डोकं भरत नाही, जास्त उरला तर वाकतो. रॉकेल मात्र आधी साबणानं धुऊन काढावं लागतं, नाहीतर मसाला धरत नाही. त्याला दीड बादली गेली. कुणाला सांगितलं नाही.

आणि धरणारा लागतो. मारणाऱ्याचा हातोडा सगळ्यांना दिसतो. पलीकडून डोक्याला जड लोखंड टेकवून बसलेलं माणूस दिसत नाही. ते ढिलं पडलं की रिबिट नाचतं, बसत नाही. वडील काहील पालथी घालायचे, एका कडेखाली दगड देऊन फट ठेवायचे आणि आई आत शिरायची. चिमट्यानं तापलेलं रिबिट भोकात घालून खालून लोखंड दाबून धरायची. वरून घाव. त्या अंधारात आवाज कसा घुमत असेल ते मी लहानपणी एकदाच आत डोकावून पाहिलं नि पळालो. आईचा डावा कान पन्नाशीतच गेला. गुऱ्हाळवाले मजुरी वडिलांच्या हातावर ठेवत.

या वेळी मामांचा नातू धरायला बसला. आई ओट्यावरून बघत होती. एकोणिसावं झाल्यावर ती उठली, नावेच्या कडेनं चालली. एकेका डोक्यावर बोट ठेवायची आणि मला पलीकडून टिचकी मारायला सांगायची. पक्कं असेल तर बोटाला काही कळत नाही; ढिलं असेल तर मुंगी चालल्यासारखं होतं. पुढच्या टोकाजवळच्या एका जुन्या रिबिटावर ती थांबली. “हे बग.” त्याच्यावर डाग नव्हता. मी पुन्हा चुना लावला, रॉकेल फिरवलं, कोरडं. राहू दिलं.

सप्टेंबरअखेर पाऊस झाला, धरणात पाणी आलं. दिवाळीच्या सुमाराला मामा जर्मलच्या पातेल्यात मासे घेऊन आले. नाव कशी आहे विचारलं.

“झ्याक हाय. फुडच्या टोकाला एका रिबिटातनं जरा येतंय. दिसातनं एक डबा.”

“मग घेऊन या, अर्ध्या तासाचं काम.”

“आता?” मामा हसले. “पानी हाय तवर चालू द्या. आटलं की आनतो.”