बॉयलर आणि बर्फ

'द शायनिंग' हा चित्रपट आम्ही आधी पाहिला आणि स्टीफन किंगची मूळ कादंबरी पुष्कळ नंतर वाचली. क्रम उलटा असता तर वर्गात वर्षानुवर्षे जे ठामपणे सांगत आलो, ते कदाचित सांगितले नसते. १९७७ची ती कादंबरी पसरट, भुताखेतांनी भरलेली. १९८०मध्ये स्टॅन्ली कुब्रिकने तिच्यातून कलाकृती घडवली. आणि किंगची जाहीर नाराजी म्हणजे लेखकाचा दुखावलेला अहंकार, असे आमचे प्रतिपादन असे. (नारायण धारपांच्या 'लुचाई'मागे किंगच आहे हे कळल्यावरही हा पवित्रा बदलला नव्हता.)

एकदा तास संपल्यावर एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, पण पुस्तकातला बाप असा नाहीये ना?" त्याने कादंबरी वाचली होती. आम्ही ती केवळ चाळली होती. त्या मे महिन्यात नीट वाचली.

जॅक टॉरन्स शिक्षक आहे, हेही आम्ही विसरलो होतो. नशेत त्याने पोराचा हात मोडला, पुढे दारू सोडली, आणि मग शुद्धीवर असताना एका विद्यार्थ्याला बदडून नोकरी घालवली. बर्फाने वेढलेल्या हॉटेलची राखण ही त्याला मिळालेली शेवटची संधी आहे. मुलावर त्याचा जीव आहे. आणि हॉटेल त्याला हळूहळू पोखरते. जॅक निकल्सनच्या भुवया मात्र मुलाखतीच्या प्रसंगापासूनच चढलेल्या. जो पहिल्यापासूनच वेडाच्या काठावर उभा, त्याने गमवायचे काय?

शेवट पाहा. कादंबरीत हातोडा उगारलेल्या त्या देहात क्षणभर बाप परत येतो आणि मुलाला पळून जायला सांगतो. मग दुर्लक्षित राहिलेला बॉयलर फुटतो, हॉटेल जळते. चित्रपटात बॉयलर फुटत नाही. जॅक कुंपणांच्या चक्रव्यूहात गोठून मरतो आणि बाप क्षणभरही परतत नाही. किंगने २०००च्या 'ऑन रायटिंग'मध्ये कबूल केले आहे की, हे लिहिताना आपण स्वतःबद्दलच लिहीत आहोत हे त्याला उमगले नव्हते. तो स्वतः दारूच्या आहारी गेलेला होता. कुब्रिकने गाळला तो क्षण म्हणजे नुसता कथानकाचा एक तपशील नव्हता.

म्हणून लेखकाचेच खरे, असेही आम्ही म्हणणार नाही. १९९७मध्ये किंगने स्वतःच्या पटकथेवर दूरचित्रवाणी मालिका करवून घेतली. पुस्तकात अंगावर काटा आणणारे झुडपांचे प्राणी तिच्यात संगणकाच्या कृपेने हालले, आणि आम्ही चक्क हसलो. चक्रव्यूहाची निवड योग्यच होती. असो.

२०१९मध्ये माईक फ्लॅनागनने 'डॉक्टर स्लीप' केला. किंगच्या २०१३च्या त्या कादंबरीत हॉटेल केव्हाच जळालेले आहे. फ्लॅनागनने कुब्रिकचे हॉटेल उभे ठेवले. तिथे प्रौढ डॅनी, हॉटेलने झपाटलेला, एका मुलीच्या मागे धावतो. क्षणभर भानावर येऊन तिला पळायला सांगतो आणि बॉयलरच्या खोलीत स्वतः जळतो. बापाचा हिरावलेला क्षण 39 वर्षांनी मुलाच्या वाट्याला आला.

त्या विद्यार्थ्याने नेमके बापाबद्दलच का विचारले, हे आम्ही तेव्हा विचारले नाही. पुढच्या वर्षापासून तो प्रसंग आम्ही पुस्तकातून वर्गात वाचून दाखवू लागलो, चित्रपट त्यानंतर.